दुसऱ्या वाटेवरची काच

प्रज्ञा, तुझ्या आईने मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं ते जमलं काय?" आणि मी "नाही" म्हणाले. जमलं होतं. तू गेलीस त्याच दुपारी जमलं होतं. तरी तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर बसून मी तुझ्या आईच्या तोंडावर खोटं बोलले. हे आधी सांगून टाकल्याशिवाय मला तुझ्याशी पुढे काही बोलता येणार नाही.

पण तुझी सवय मला ठाऊक आहे. "मंजू, पहिले टेबल सांग, मंग रिझल्ट." आधी मांडणी, मग निकाल. ठीक आहे. तुझ्याच पद्धतीने सांगते.

रायपूरला नोकरीला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. तुमच्या कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं होतं. अर्धं इंग्रजी, अर्धं मोडकं हिंदी करत मी सांगत होते, की क्वांटम कणावर एकदा मोजमाप केलं की ते कायमचं, असं आपण शिकतो. पण मोजमाप अर्धवट केलं असेल, तर ते उलटवता येतं. शेवटच्या रांगेतून तू उभी राहिलीस. कडक उन्हाळ्याचे दिवस, आणि तुझ्या अंगात स्वेटर. "मैडम, जोड़ी के एक कण को नापा, तो उलटाना भी उसी को पड़ेगा क्या? उसके जोड़ीदार को क्यों नहीं?"

मला उत्तर येत नव्हतं. मी लांबण लावली. तू खाली बसलीस आणि शेजारणीला म्हणालीस, "बाईले येत नाही वाटते."

मी माईकवरूनच म्हटलं, "मला मराठी येतं."

हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. तू मात्र ओढणीत तोंड लपवलंस. नंतर चहाच्या टेबलापाशी येऊन उलट मलाच रागावलीस. "मराठी हाय तुम्ही? मंग आधी काहून नाही सांगितलं?"

तुझा तो प्रश्न पुढे आपला प्रयोग झाला. उत्तर कागदावर काढायला तुला एक आठवडा लागला. टेबलावर आणायला आपल्याला वर्षं लागली.

तू आईला तो कसा समजावून सांगितला होतास, ते मला अजून ऐकू येतं. ती भाजी निवडत होती आणि तू तिच्यासमोर पाय पसरून बसली होतीस. "आई, प्रकाशाचे दोन कण संगच जन्मतात. उभे का आडवे, दोघाईचंही काही ठरलं नसते. एकाले विचारलं अन् तो उभा निघाला, त दुसराही उभाच निघते, कितीही दूर असला तरी. पण विचारलं का झालं. ठरून गेलं, जोडी मोडली. म्हणून आम्ही पुरं नाही विचारत, अर्धंच विचारतो. वाटेत एक तिरपी काच ठेवतो. उभा कण त्यातून आरामात जाते. आडवा कधी जाते, कधी उसळून बाहेर पडते. जो पार झाला तो बहुतेक उभा असन, एवढंच कळते. पण एवढ्यानंही जोडी ढिली पडते."

"मंग?" आईने विचारलं.

"मंग दुसरी काच. तिचं तोंड उलटं. ती आडव्याले सोडते अन् उभ्याले अडवते. दोन्हीतून जे पार झाले, त्याईचं पुन्हा काहीच सांगता येत नाही. जे कळलं होतं ते पुसून जाते, अन् जोडी पहिल्यासारखी घट्ट होते."

"अन् जे उसळले ते?"

"ते गेले."

आईने मेथीची आणखी एक जुडी सोडली. मग म्हणाली, "अर्धवट विचारलेलं कोणाले आवडते, बाई?" तू हसून हसून आडवी झालीस.

तुझा हट्ट एकच होता. ती दुसरी काच पहिल्या कणाच्या वाटेवर ठेवायची नाही. ती त्याच्या जोडीदाराच्या वाटेवर ठेवायची, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. इकडे बिघडलं, ते तिकडून दुरुस्त करायचं. गणित तसंच सांगत होतं. मीच म्हणत होते, आधी सोपं करू, एकाच वाटेवर दोन्ही काचा ठेवू. "सोपं तर कोणीही करते," तू म्हणायचीस.

आणि आपलं दुसरं भांडण, जे मिटलं नाही. मी म्हणायची, याला उलटवणं म्हणू नये. जे कण गमावले ते बाजूला सारायचे आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून सगळं पूर्ववत झालं म्हणायचं, ही कसली दुरुस्ती? त्यावर तू गरम व्हायचीस. "जे गेले ते किती, हे पहिल्या ओळीतच लिहून टाकू. लपवायचं काय हाय त्यात? पण जे वापस आले, ते पुरे वापस आले का नाही, तेवढं सांग."

"पण ती तीच जोडी आहे की नवी?"

"फरक दाखव. दाखवता येत नसन, त फरक नाही."

मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. दुसऱ्या वाटेवरच्या काचेचं मला फार आधी पटलं होतं. तुझी आकडेमोड मी घरी दोनदा करून पाहिली होती. तरीही वाद चालू ठेवला, कारण वाद असला की तू शनिवारी न चुकता यायचीस. नवा रायपूरमध्ये तेव्हा माझ्याशी भांडणारं दुसरं कुणी नव्हतं. मराठीत तर नाहीच.

पंडरीच्या कापडबाजारातला तो दिवस आठवतो? टेबलावर बाहेरचा उजेड पडू नये म्हणून काळं कापड हवं होतं. तू मला ठोक बाजारात घेऊन गेलीस. दुकानदाराने कापडाचं थान उलगडलं की तू त्याचं टोक धरून थेट रस्त्यावर जायचीस आणि कापड सूर्यासमोर ताणायचीस. "भैया, इसमें से धूप दिख रही है." तिसऱ्या थानाला त्याचा धीर सुटला. "दीदी, वकील का कोट सिलवाना है कि सूरज को ढाँकना है?" तू गंभीरपणे म्हणालीस, "सूरज को." मग त्याने आतून असं कापड आणलं की त्याखाली डोकं घातल्यावर स्वतःचा हात दिसेना. आपण दोघी भर बाजारात एका काळ्या कापडाखाली उभ्या होतो आणि तू आतून ओरडत होतीस, "हेच! हेच पाहिजे!"

तुझ्या आजाराबद्दल तू असंच बोलायचीस, बाजारातल्या मालाबद्दल बोलावं तसं. सिकलसेल तुला जन्मापासून होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, आणि मग हाडं आतून कुणी पिळल्यासारखी दुखतात. गारवा तुला चालायचा नाही, म्हणून आत एसीच्या खोलीत तू कधी बसली नाहीस. बाहेरच्या खोलीत, खिडकीतल्या उन्हात खुर्ची ओढून बसायचीस आणि तिथून मला आज्ञा सोडायचीस. वर्षातून दोनतीनदा दवाखाना व्हायचा. सलाईन, दुखण्याची इंजेक्शनं, आणि चारपाच दिवसांत तू परत. कुणी "बेचारी" म्हटलं की तुझ्या डोळ्यांत जी आग उतरायची, ती मी पाहिली आहे.

त्यामुळे या वेळी तू दाखल झालीस तेव्हा मी घाबरले नाही. सकाळी फोन केला, निघते म्हणाले. तुझा आवाज थकलेला होता, पण तुझाच होता. "काहून येतं? सलाईन पाहाले? टेबल जमून राहिलं ना? मंग फिरव माही काच. वापस आली का मले लाट दाखव."

मी फोन ठेवला आणि आत गेले. फोनच्या पडद्याचा उजेड आपल्या यंत्रांना सहन होत नाही, म्हणून तो नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीत, तुझ्या खुर्चीवर ठेवला.

दुपारी जमलं, प्रज्ञा. पहिली काच लावल्यावर पडद्यावरची लाट, जोडी जितकी घट्ट तितकी उंच उठणारी, चपटी पडली, जशी पडायला हवी होती. मग मी दुसऱ्या वाटेवर तुझी काच ठेवली आणि एका केसाएवढी फिरवत राहिले. लाट उचलली जाऊ लागली. मला वाटलं मनाचे खेळ आहेत. आपले तंत्रज्ञ देवांगन भैया माझ्याआधी ओरडले, "आ गे मैडम, आ गे!" पार झालेल्या जोड्यांचे ठिपके कमी होते, चित्र भरायला वेळ लागत होता, पण लाट पहिल्याएवढी उंच आणि पहिल्याएवढी खोल होती. पूर्ण परत आली होती. तू म्हणाली होतीस तशी, तू म्हणाली होतीस तिथून.

मी टाळ्या वाजवल्या. मोठ्याने हसले. देवांगन भैया धावत जाऊन समोसे घेऊन आले आणि आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत उभ्याउभ्याच खाल्ले. तुला फोन करावा म्हणून मी बाहेर आले. तुझ्या खुर्चीवर फोन थरथरत होता. तुझ्या आईचे कितीतरी फोन येऊन गेले होते.

मी पोहोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. दुखणं छातीत उतरलं, फुप्फुसं भरली, काही तासांतच सगळं हाताबाहेर गेलं, असं डॉक्टर सांगत होते. तुझ्या आईला मी धरलं तेव्हा माझ्या बाहीवर हिरव्या चटणीचा डाग होता. तो तिच्या पांढऱ्या पदराला लागला.

मी तिथे नव्हते याची मला लाज वाटत नाही. तूच येऊ नको म्हणाली होतीस. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या कॉरिडॉरमध्ये तुझी आई माझ्या खांद्यावर डोकं आपटत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती लाट होती. आत कुठेतरी मी अजून खूश होते. इतकं मोठं दुःख कोसळल्यावर तो आनंद विझायला हवा होता की नाही? तो विझला नाही. घरी जाऊन मी आरशात पाहिलं. रडून सुजलेला चेहरा माझाच होता, आणि त्याच्या मागे ती खुशीही माझीच होती. मला त्या बाईची किळस आली.

म्हणून तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी तसं झालं. बुद्धवंदना नुकतीच संपली होती. सतरंजीवर पांढऱ्या साड्यांतल्या बाया दाटीने बसल्या होत्या. मेणबत्त्यांच्या वासाने खोली भरली होती. आईने मान वर केली, इतक्या माणसांतून मला शोधलं आणि विचारलं, "तुमचं ते जमलं काय? दवाखान्यात मले म्हणत होती, आई, याबार जमते."

हो म्हटलं असतं, तर कधी, हा पुढचा प्रश्न होता. तुझा श्वास अडकत होता तेव्हा मी टाळ्या वाजवत होते, हे त्या खोलीत कसं सांगू? "नाही मावशी," मी म्हणाले. "अजून नाही."

"नाही काय," आई म्हणाली. मग शेजारच्या बाईकडे वळून हळूच म्हणाली, "नाही जमलं म्हणते." ती बाई पुढच्या बाईला म्हणाली. माझ्या डोळ्यांदेखत ते वाक्य खोलीभर फिरलं, दारापर्यंत गेलं. बाहेर चपला घालताना तुमच्या पाऱ्यातले, म्हणजे वस्तीतले, एक काका मला म्हणाले, "मेहनत तो बहुत की बेचारी ने."

बेचारी. मी तुला तो शब्द मिळवून दिला, प्रज्ञा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी परत गेले. आई अंगणात खाटेवर तुझे स्वेटर उन्हात पसरत होती.

"मावशी, काल मी खोटं बोलले. जमलं होतं."

"काय जमलं?"

"प्रज्ञाचं. तिने सांगितलं होतं तसंच. त्याच दुपारी."

तिच्या हातातला स्वेटर तसाच राहिला. "मंग काल नाही काहून म्हटलं?"

"लाज वाटली."

"कायची?"

"इकडे ती... आणि तिकडे मी हसत होते. समोसे खाल्ले आम्ही, मावशी."

मला वाटलं आता ती मला बाहेर काढेल, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं.

"समोसे खाल्ले त खाल्ले," ती म्हणाली. "जमलं म्हणून खुश झाली, त्याचं मले काही नाही. पण काल रातभर मी हेच घेऊन बसली होती, का माही पोट्टी हारून गेली. थे रात आता मले कोण वापस देन?"

मी माफी मागितली. तिने स्वेटर झटकला, पसरला, बाह्या सरळ केल्या. मग आत गेली आणि साडी बदलून, पायात चपला अडकवून बाहेर आली.

"चाल. दाखव मले."

नवा रायपूरच्या रुंद रस्त्याला लागल्यावर ती गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. "एवढा मोठा रस्ता, अन् बस दिसत नाही एकही. ही कशी येत होती?"

"शंकर नगरच्या चौकातून मी घ्यायची तिला गाडीत."

"अन् तिथवर?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही, आणि तू कधी सांगितलं नाहीस.

लॅबच्या दारात देवांगन भैयांनी तिला आतल्या चपला दिल्या आणि तिच्या पाया पडले. पडदा, काळं कापड, लेसर, सगळं तिने बाजारात फिरावं तसं बघितलं. मग मी प्रयोग चालू केला. आधी नुसती लाट दाखवली. पहिली काच ठेवली, लाट चपटी पडली. दुसऱ्या वाटेवर काच ठेवली आणि आम्ही थांबलो. ठिपके सावकाश पडत होते. आई पदराने तोंड धरून बघत होती. लाट हळूहळू वर आली.

"याच्यात तुह्यं काय अन् तिचं काय?" तिने विचारलं.

"ही पहिली काच माझी. पलीकडची ती तिची."

तिने एकदा या टोकाला बघितलं, एकदा त्या टोकाला. "म्हणजे तू बिघडवलं, अन् तिनं तिकडून सुधरवलं?"

"हो."

आणि तुझी आई हसली. पदरातून, फसकन, तू हसायचीस तशी. मलाही हसू आलं. देवांगन भैयाही हसले. त्याच खोलीत, त्याच पडद्यासमोर मी पुन्हा हसत होते, आणि या वेळी तुझ्या आईचा हात माझ्या हातात होता. मग ती रडायला लागली. आवाज न करता, पडद्यावरची नजर न काढता. ठिपके पडत होते.

परत येताना ती माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसली आणि तिने पिशवीतून फोन काढला.

"हॅलो, भिलाई? हव, मीच. काल तुले सांगितलं होतं ना, पोरीचं जमलं नाही म्हणून? थे गलत होतं. जमलं. हव, आताच सोताच्या डोयानं पाहून आली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा समोरच्या रस्त्याकडे. "कोणी नाही वं. मीच गलत ऐकलं."

मग दुर्गला फोन. मग पाऱ्यातल्या त्या काकांना, हिंदीत. "हाँ भैया, कल मेरे सुनने में गलती हुई." प्रत्येकाला तेच. प्रत्येक वेळी चूक तिच्या कानांची. मी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. तिला थांबवण्याची आणि फोन घेऊन "मी खोटं बोलले" असं सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. होती का, नव्हती का, तू काय म्हणाली असतीस कोण जाणे. मी गाडी चालवत राहिले.

नागपूरची तुझी आत्या फोन उचलत नव्हती. ती मातीला येऊन त्याच संध्याकाळी परत गेली होती, आणि तिला आईने काल फोनवर सांगितलं होतं. "झोपली असन. तिनं त गावभर सांगून टाकलं असन," आई म्हणाली आणि पुन्हा लावला. तुमचं घर आलं. अंगणात तुझे स्वेटर वाळत होते. आई गाडीतून उतरली नाही. मी इंजिन बंद केलं आणि तिच्या शेजारी बसून राहिले. फोन तिच्या कानाशी होता, आणि नागपुरात रिंग वाजत होती.